सृजनाची बाजू

यामिनी बेहेरे यांना खोटं बोलता येत नाही, असं कोलकात्याच्या बेहाला भागातल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं सगळे धरून चालले होते. आणि बाईंना ते खरंच येत नव्हतं. शरदरावांच्या हातची उसळ खारट झाली तर त्या मुकाट्याने सगळी संपवत, पण 'छान झालीय' एवढे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून फुटत नसत. अशा बाईने अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, एका आठवड्यात दोनदा खोटेपणा केला. तोही एकाच मुलीसाठी, आणि तोही तिच्या भल्यासाठी. भल्यासाठी केलेला खोटेपणा फार वाईट असतो बघा. वाईटासाठी केलेल्याची माणसाला निदान लाज तरी वाटते.

बाई जन्माने कोलकात्याच्याच. त्यांचे वडील शशिकांत परचुरे चौसष्ट साली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत नोकरीला आले, क्वार्टर मिळालं, आणि पुढच्या वर्षी परत जाऊ, पुढच्या वर्षी परत जाऊ म्हणता म्हणता इथलेच होऊन गेले. यामिनी गल्लीत बंगाली शिकली, शाळेत इंग्रजी आणि घरात मराठी. बाजारात मासळीवाला त्यांना 'बौदी', म्हणजे वहिनी, म्हणतो आणि त्याच्याशी त्या ज्या बंगालीत हुज्जत घालतात, ती ऐकून शेजारणींनासुद्धा त्या परप्रांतातल्या वाटत नाहीत. लग्न झालं ते शरद बेहेरे यांच्याशी. ते बँकेतून तीन वर्षांच्या बदलीवर आले होते. ती तीन वर्षं अजून संपायची आहेत.

शशिकांत परचुऱ्यांच्या घरात एक गोष्ट देवघरातल्या समईसारखी जपलेली होती. पंचावन्न साली मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, तेव्हा सतरा वर्षांचे शशिकांत त्या गर्दीत होते. संयुक्त महाराष्ट्र हे शब्द उच्चारले की त्यांचा आवाज जड व्हायचा. दर एक मेला इथल्या महाराष्ट्र मंडळात झेंडावंदन झालं, श्रीखंड-पुरी झाली, की ते ती गोष्ट सांगायला उभे राहायचे आणि शेवटी पुढच्या रांगेतल्या लेकीकडे बघत म्हणायचे, "राज्य कुणी ताटात वाढून देत नाही, पोरी. मागावं लागतं." त्यामुळे आपलं वेगळं राज्य मागणं म्हणजे सणासुदीची, अभिमानाची, श्रीखंड-पुरीची गोष्ट, हे यामिनीच्या मनात लहानपणीच पक्कं बसलं. त्या शब्दाला कुणी भीत असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. सगळी मेख इथेच आहे.

शाळेत त्या नागरिकशास्त्र शिकवत, पण त्यांचा जीव होता वादविवाद मंडळात. शनिवारी शाळा सुटली की वीस-पंचवीस मुली वरच्या सभागृहात जमायच्या. बाईंचे नियम दोन. पहिला, बाजू चिठ्ठीने ठरायची. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या, एका संघाच्या मुलीने एक काढायची, आणि उरलेली न उघडता फाडून टाकायची. का, तर एकमेकांवर विश्वास नसेल तर वाद कसला घालता? दुसरा नियम, 'ते लोक' म्हणायचं नाही, 'आम्ही' म्हणायचं. "ज्याची बाजू घ्याल त्याच्या घरी राहायला जा," बाई सांगायच्या. "दारातून डोकावून वकिली होत नाही." आणि ह्या दोन नियमांमुळेच तिसरी गोष्ट आपोआप आली होती, की मंचावर बोललेल्या शब्दाचा जाब मंचाखाली कुणी कुणाला विचारायचा नाही. त्या सभागृहातल्या किती मुली पुढे वकील झाल्या, एक तर न्यायाधीश झाली. बाईंना अजून फोन करतात.

सृजना राई ही त्या मंडळातली अलीकडची मुलगी. अकरावीतली. दार्जिलिंगजवळ कर्सियांगच्या उताराला एका चहाच्या मळ्यात तिची आई पानं खुडायला जाते. वडील नाहीत. शाळेच्या विश्वस्त मंडळाकडून डोंगराळ भागातल्या मुलींसाठी वर्षाला एक जागा असते. फी माफ, वसतिगृह फुकट, अट एकच, वर्तणूक चांगली पाहिजे. ती जागा नववीत सृजनाला मिळाली. पहिलं वर्षभर पोर बोललीच नाही. तू चिनी आहेस का, तुमच्याकडे रोज मोमोच खातात का, असलं काहीबाही मुली विचारायच्या आणि ही नुसती हसायची. पण एका शनिवारी बाईंनी तिला मंचावर ढकललं आणि पोरीने तोंड उघडलं मात्र, सगळ्या माना वर करून बघायला लागल्या. घरी जाऊन बाई शरदरावांना म्हणाल्या होत्या, "अशी मुलगी दहा वर्षांत एकदा येते हो."

दर नोव्हेंबरात मंडळाची वार्षिक फेरी असते. पालक येतात, विश्वस्त येतात. विषय काय ठेवायचा हे यंदा मुख्याध्यापिका लाहिरीबाईंनी आधीच बजावून सांगितलं होतं. बंगालचं काही नको, निवडणुकीचं नको, धर्माचं तर नकोच नको. कुठला तरी लांबचा विषय शोध. यामिनीबाईंनी इतका लांबचा शोधला की त्याहून लांब जायचं तर जहाजच करावं लागलं असतं. पोर्तो रिको. अमेरिकेच्या अखत्यारीतलं बेट. तिथली माणसं अमेरिकेची नागरिक, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही. तर त्यांनी अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हावं, की वेगळा स्वतंत्र देश व्हावं? लाहिरीबाई हसल्या. "हे छान. ह्यावर कोलकात्यात कोण भांडणार?"

अंतिम फेरीत दोन मुली आल्या. एक सृजना आणि दुसरी नूपुर, रेल्वेतल्या एका मराठी साहेबांची, दोन वर्षांपूर्वी नागपूरहून बदलून आलेल्यांची लेक. चिठ्ठ्या शनिवारी सकाळी काढायच्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता यामिनीबाईंचा हात एकदम थांबला. सृजनाला स्वातंत्र्याची बाजू आली तर? दार्जिलिंगकडच्या डोंगरातली गोरखा मुलगी मंचावर उभी राहून म्हणतेय, आम्हाला तुमच्या देशात राहायचं नाही, आम्हाला स्वातंत्र्य हवं! समोर विश्वस्त बसलेले! पोरीचं नुकसान होईल. आणि नियम आपलाच, 'आम्ही' म्हणायचं.

त्यांनी कागद घेतला, दोन तुकडे केले आणि दोन्हींवर एकच शब्द लिहिला. 'राज्य'. राज्य म्हणजे देशाच्या आत राहणं. सभ्य बाजू, गोड बाजू. तीस वर्षांत पहिल्यांदा डब्यात लबाडी गेली. आपण करतोय ते बरोबरच आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

सकाळी सृजनाने डब्यात हात घालण्याआधी डोळे मिटले, ओठ पुटपुटले आणि चिठ्ठी काढली. वाचली. आणि अशी काही हसली की यामिनीबाईंना वाटलं, झालं, देवानेच सुचवलं आपल्याला. उरलेली चिठ्ठी त्यांनी घाईघाईने फाडली.

संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत विश्वस्त बसाकबाबू, पांढरंशुभ्र धोतर, वय सत्तरीच्या पुढे. नूपुर बोलली ती तयारीने बोलली. शेवटी तिने सृजनाकडे वळून विचारलं, "तुमची भाषा वेगळी, गाणी वेगळी, चेहरे वेगळे. मग मोठ्या देशाच्या आत राहून आपलं वेगळं राज्य मागायचा हट्ट कशाला? प्रेम देशावर आहे, की नुसता हिस्सा हवाय?"

सृजना उठली. हातातले कागद तिने टेबलावर ठेवून दिले. भाषण इंग्रजीत होतं, आपण मराठीत ऐकू.

"भाषा वेगळी आहे म्हणून आम्ही परके होत नाही. तुमच्या लढायांत आमची मुलं मेली, तेव्हा त्यांचे चेहरे तुम्हाला वेगळे दिसले नाहीत. तुम्ही सुट्टीत आमच्याकडे येता, फोटो काढता, हवा किती छान आहे म्हणता आणि परत जाता. आमच्या शाळा, आमचे रस्ते, आमची मजुरी, सगळं तुम्ही लांब बसून ठरवता. आम्हाला विचारत नाही. आम्हाला घर सोडायचं नाही. घरात आपली खोली मागणारी मुलगी घर फोडत नसते. आम्हाला आमचं राज्य द्या."

मग मुलींनी टाळ्यांचा नुसता पाऊस पाडला. यामिनीबाईंचे डोळे भरून आले. त्यांना वडील आठवले, मंडळातलं ते झेंडावंदन आठवलं. बसाकबाबूंनी टाळी वाजवली नाही हे त्यांना दिसलं, पण म्हातारा माणूस, दमला असेल, असं त्या धरून चालल्या. सृजनाला पहिलं बक्षीस मिळालं. बाईंनी तिला मिठी मारली.

सोमवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन शरदराव स्वयंपाकघराच्या दारात आले. "अगं, ही तुमची शाळा ना?" बँकेतल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर बराकपूरच्या कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. चाळीस सेकंदांचा. त्यात बेट नव्हतं, अमेरिका नव्हती, नूपुर नव्हती. होती फक्त सृजना, शाळेच्या गणवेशात. आमचे रस्ते, आमची मजुरी, आमचं राज्य. खाली बंगालीत लिहिलेलं, 'कोलकात्याचं खायचं, कोलकात्यात शिकायचं आणि बंगाल तोडायचा!'

बाईंनी तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. डोंगरातल्या लोकांना वेगळा देश कधी हवाच नव्हता. तिथली कितीतरी वर्षांची मागणी, तिथले बंद, तिथले मोर्चे, सगळे बंगालपासून वेगळं व्हायच्या ह्या एकाच शब्दासाठी होते. राज्य. आणि पोरीला जपायचं म्हणून नेमका तोच शब्द आपण आपल्या हाताने दोनदा लिहून डब्यात टाकला.

"करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती," चिठ्ठ्यांची हकिगत ऐकून शरदराव म्हणाले. ते हसले, पण बायकोचा चेहरा बघून लगेच सावरले. मग समजावणीच्या सुरात बोलले, "हे बघ, चिठ्ठ्यांचं कुणाला माहीत नाही. बाजू चिठ्ठीने आली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तू पण सुटलीस, ती पण सुटली."

लाहिरीबाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात बोलल्या. "माझी आजी फाळणीत बारिसालहून आली, यामिनी. एक बोचकं आणि कडेवर माझी आई. मरेपर्यंत ती आपल्या तळ्याचं, आपल्या सुपारीच्या झाडांचं नाव घेऊन रडायची. आमच्यातल्या कितीतरी घरांत हे रडणं आहे. आता पुन्हा एक तुकडा तोडून द्या असं कुणी म्हटलं, की ते जुनं रडणं वर येतं. ती मुलगी चूक की बरोबर, मला माहीत नाही. पण तू? तू इथे जन्मलीस. अठ्ठावन्न वर्षांत तुला एवढं कळलं नाही?"

यामिनीबाईंना कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. जन्मभर त्यांना वाटत होतं आपण इथल्याच. आणि आज कुणी आवाज न चढवता दाखवून दिलं की आपण ह्या शहरात राहिलो, बोललो, भाव केले, पण घराघरातलं दुखणं काही आपल्याला कधी कळलंच नाही. त्या बसल्या जागी नुसत्या पदराचं टोक पिळत राहिल्या.

"गुरुवारी बसाकबाबू येणार आहेत," लाहिरीबाई म्हणाल्या. "तिची ही स्वतःची मतं असतील तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह दोन्ही जाईल. मी फार काही करू शकणार नाही."

बाईंनी सृजनाला वसतिगृहाच्या ओट्यावर गाठलं. पोर दोन दिवस जेवली नव्हती. व्हिडिओ डोंगरातही पोचला होता. तिथे लोक तिच्या आईला येऊन भेटत होते, तुझी पोरगी वाघीण आहे म्हणत होते, आणि आई फोनवर रडत होती. परत येऊ नकोस, ते जे म्हणतील ते म्हण, पण शाळा सोडू नकोस.

"मिस," सृजनाने विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही गं. एक शब्दही नाही."

"मग गुरुवारी तुम्ही आत तसं सांगाल?"

"सांगेन," यामिनीबाई म्हणाल्या. "मी सांगेन, तू काहीही चुकीचं बोलली नाहीस." आणि त्या क्षणी त्या खरंच तसं सांगणार होत्या.

बुधवारभर त्यांनी मनाशी उजळणी केली. शरदरावांचा सल्ला त्यांनी मानला नाही. चिठ्ठ्यांचा खोटेपणा आपण कबूल करायचा, दोष आपल्या अंगावर घ्यायचा, मग मुलीवर कोण कशाला बोट ठेवेल? खरं बोललं की सुटतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. बिचाऱ्या! आयुष्यभर त्यांना खरं बोलायला लागलं होतं ते उसळीपुरतं.

गुरुवारी दुपारी बाराला त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. बाहेरच्या बाकावर सृजना बसली होती, केस तेल लावून घट्ट बांधलेले. खोलीच्या दाराला पडदा होता आणि पंख्याच्या वाऱ्याने तो हलत होता.

यामिनीबाईंनी बसताच सगळं सांगून टाकलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर आपणच एक शब्द लिहिला होता. मुलीने बाजू निवडलेली नव्हती, आणि ती नशिबानेही तिच्याकडे आलेली नव्हती. आपण दिली होती. लाहिरीबाईंच्या तीस वर्षांच्या ओळखीत हे पहिलंच.

बसाकबाबू मात्र रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. आवाज अगदी मऊ. "बाई, तुम्ही खरं सांगितलंत, बरं केलंत. माझा तुमच्यावर राग नाही. पण चिठ्ठीत बाजू येते, शब्द येत नाहीत. मला एवढंच सांगा, ते शेवटचे शब्द कुणाचे? रस्ते, मजुरी, आमचं राज्य. तिचे असतील, तर तिच्या मनात काय आहे ते कळलं. मग आमचा पैसा आम्ही दुसऱ्या मुलीला देऊ. तुमचे असतील, तर ती पोपट. पोपटाला कोण शिक्षा करतं?"

झालं. पोरीला कबूल केलं होतं ते उत्तर ओठांवर होतं. शब्द तिचे आहेत, आणि त्यांत चुकीचं काही नाही. इतकं सोपं वाक्य. पण त्या वाक्याच्या पलीकडे त्यांना दिसत होती ती ट्रंक घेऊन रात्रीच्या गाडीत बसलेली सृजना, मळ्यात पानं खुडणारी आई, आणि मग दोघी एकाच रांगेत खुडताना. पोरीचं वर्ष जाईल. वर्ष कसलं, आयुष्य जाईल. एका शब्दासाठी?

"माझे," यामिनीबाई म्हणाल्या.

"तुम्ही लिहून दिले?"

"हो. मी लिहिले, तिने पाठ केले."

"तिला अर्थ कळत होता?"

बाईंनी खाली बघितलं. "नाही. फारसा नाही. लहान आहे ती अजून."

दुसरं खोटं हे असं बोलून झालं. आणि काय सांगावं, ते त्यांना सहज जमलं. बसाकबाबूंनी मान हलवली, चेहऱ्यावरचा ताण गेला. लाहिरीबाईंनी निःश्वास सोडला. मुलीची जागा कायम. यामिनीबाईंनी पालकांना एक माफीपत्र लिहावं आणि वादविवाद मंडळ दुसऱ्या कुणाकडे द्यावं. यामिनीबाई सगळ्याला हो म्हणाल्या. तीस वर्षं हाताखाली वाढवलेलं मंडळ एका वाक्यात गेलं, तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. कुणीतरी चहा सांगितला. 'मी पोरीला सांगून येते' म्हणत त्या पडदा सारून बाहेर आल्या. हसतमुखानेच आल्या.

सृजना उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"राहिली गं तुझी जागा," बाई तिचे हात धरत म्हणाल्या. "आईला फोन कर आधी."

सृजनाने हात सोडवून घेतले. उद्धटपणे नव्हे, अगदी हळूच. "तुम्ही दोन्ही चिठ्ठ्यांवर तेच लिहिलं होतं?"

"तुझ्यासाठीच गं. मला वाटलं, दुसरी बाजू आली तर लोक तुला..."

"मी चिठ्ठी काढताना देवाचं नाव घेतलं होतं. म्हटलं, एकदा हे मला ह्या लोकांसमोर बोलू दे. दुसऱ्याचं म्हणून का होईना, पण बोलू दे. चिठ्ठी उघडली तेव्हा मला वाटलं त्याने ऐकलं." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मिस, ते शब्द कुणी लिहिले?"

"तू."

"मला अर्थ कळत होता?"

"कळत होता. माझ्याहून जास्त कळत होता."

"मग आत जाऊन एवढंच सांगा."

"अगं वेडी का तू? जागा जाईल तुझी. पुढे काय करशील? तुझ्या आईचा तरी विचार..."

"जागा माझी आहे, मिस," सृजना म्हणाली. "ती घालवायची की ठेवायची, हे मला कुणी विचारलं का? मी बाहेर बसले होते. तुमच्यापासून दहा हातांवर. तुम्ही हाक मारली असती तर मी आत आले असते. कदाचित मीच म्हटलं असतं की शब्द माझे नाहीत. आईसाठी म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं."

हजार मुलींना यामिनीबाईंनी खंडन-मंडन शिकवलं होतं. एकीला तरी त्यांनी ह्याचं उत्तर शिकवलं असेल तर शपथ. त्यांना वाटलं, हिला सांगावं की मी घाबरले. नुसती घाबरले गं, पोरी. तुझ्यावर माया आहे म्हणून नव्हे, तू हरशील ह्या भीतीनेच मी दोन्ही वेळा वागले. पण तेही त्या बोलल्या नाहीत.

आत कपबश्यांचा आवाज येत होता. बसाकबाबू कशाला तरी हसले. पडदा बाजूलाच सरकलेला होता, आणि खोलीत जायला चार पावलं पुरे होती.

सृजना वाट बघत उभी राहिली. चांगला मिनिटभर तरी उभी होती. यामिनीबाई गेल्या नाहीत.

मग तिने नेहमीसारखी मान लववली, "थँक यू, मिस" म्हणाली आणि वर्गात निघून गेली.